रिकाम्या इंजेक्टर भोकांना बूच: जुन्या सिटीवर बाइकचे थ्रॉटल बसवतानाच्या नोंदी

गाडी होंडा सिटी, 2001, 1493 सीसी, सोळा वॉल्व, सिंगल कॅम. तिच्यावर सुझुकी जीएसएक्स-आर 750 या बाइकचे चार थ्रॉटल (दर सिलिंडरला हवेची एकेक झडप), त्यांच्यावर बाइकचेच पेट्रोल फवारणारे इंजेक्टर. डोकं, म्हणजे इंजिन चालवणारा कंट्रोलर, स्पीडुइनोचा. जागा म्हणजे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला मित्राचा गाळा. गाडी ट्रॅकसाठी आहे, गाळ्यातून फ्लॅटबेडवरच बाहेर पडते. कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करून रस्त्यावर फिरवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. तेव्हा तो विषय इथेच संपला.

या नोंदी एकाच कामाच्या आहेत: मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या संचावर) उरलेली होंडाच्या इंजेक्टरची चार भोकं बंद करणं. थ्रॉटल, केबल, ट्यूनिंग यांच्यावर वाचायला ढीगभर मिळतं. या भोकांबद्दल मात्र जो तो ‘ती ब्लँक करून टाका’ म्हणतो आणि पुढे सरकतो.

2 ऑगस्ट

मॅनिफोल्ड हातात आला. नवा कापण्यापेक्षा आधीच कापलेला मिळाला तर बरा म्हणून कुर्ल्याला जुन्या पार्टवाल्यांकडे सांगून ठेवलं होतं. हेडच्या बाजूचा साधारण सहा सेंटिमीटरचा तुकडा ठेवलाय, बाकी कापून समोर दहा मिमीची प्लेट वेल्ड केलीय. वेल्डिंग चांगलं आहे. इंजेक्टरची भोकं मात्र आधीच्या कुणीतरी इपॉक्सी पुट्टीनं भरून, वरून कानस मारून काळा रंग फासलाय. लांबून बघितलं तर एकदम फॅक्टरी काम वाटतं.

भोकं बंदच का करायची, होंडाचेच इंजेक्टर का नाही वापरायचे? खरं तर तेच सोपं पडलं असतं. वायरिंगचे कनेक्टर तेच, रेल (चारही इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) तीच, प्रेशर रेग्युलेटर तोच. पण एवढ्या आखूड तुकड्यावर होंडाची रेल लावली की थ्रॉटलची केबल ज्या चाकावर गुंडाळते ते चाक रेलला टेकतं. तुकडा लांब करावा तर या इंजिनाचा इनटेक (हवा आत जायची बाजू) फायरवॉलकडे, म्हणजे केबिनच्या भिंतीकडे आहे. जेवढं लांब कराल तेवढं ट्रम्पेटमधून (थ्रॉटलच्या तोंडावरच्या भोंग्यातून) कमी होणार, आणि उजव्या बाजूला ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा डबा) आधीच अंग पसरून बसलाय. म्हणून बाइकचे इंजेक्टर चालू आणि होंडाची भोकं बंद.

बाइकचे इंजेक्टर पुरतील का, हा हिशेब मात्र आधी करून घ्या. 110 हॉर्सपॉवर धरली, दर हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पौंड पेट्रोल, चार इंजेक्टर, आणि प्रत्येक जास्तीत जास्त 80 टक्के वेळ उघडा, तर एकेकाला मिनिटाला साधारण 180 सीसी लागतं. काचेच्या मापात तीस-तीस सेकंद सोडून बघितलं, चारही त्याच्या वर गेले. मल्टिमीटरनं कॉइलचे ओहमही मोजा. 12 ते 16 च्या दरम्यान आले तर ते सरळ चालवता येतात. दोन-तीन ओहम आले तर मधे रेझिस्टर किंवा वेगळा ड्रायव्हर लागतो, नाहीतर कंट्रोलर जळतो.

3 ऑगस्ट

पुट्टी काढली. रंगाच्या थराखाली ती अशीच सोडून द्यायचा मोह झाला होता. पण पोर्टच्या बाजूनं टॉर्च मारला तर तिसऱ्या भोकात पुट्टीचा गोळा तीनेक मिमी आत लोंबत होता. म्हणजे हवेच्या वाटेत अडथळा तर होताच, आणि तो सुटला की थेट इनटेक वॉल्ववर.

हीट गन मारून पोर्टकडून पितळेच्या सळईनं ठोकली. दोन भोकांतली चिक्कीसारखी तुकडे-तुकडे होऊन आली. तिसरीतली पूर्ण गोळी एका ठोक्यात बाहेर. भिंतीला धरलेलीच नव्हती. तिच्या अंगावर जुन्या ऑइलचा पातळ थर स्पष्ट दिसत होता, म्हणजे साफ न करता भरलेली. चौथी ड्रिल करून काढावी लागली.

एक तुकडा जॅमच्या बाटलीत पंपाच्या पेट्रोलमध्ये टाकून ठेवलाय. हल्ली पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं. चार दिवसांनी नखानं दाबून बघणार.

7 ऑगस्ट

पुट्टीचा तुकडा चिकट झालाय, नखाची खूण उमटते. पुट्टी बाद.

कुठले मार्ग आहेत त्याचा विचार केला. मित्राचं म्हणणं, होंडाचेच मेलेले इंजेक्टर भोकात ठेव, वायर जोडू नको, झालं. पुष्कळ लोक हेच करतात, आणि ते चालतंही, कारण करंट नसला की आतली सुई स्प्रिंगनं बंदच असते. पण त्यांना दाबून धरायला रेल लागते, आणि रेलला जागा नाही म्हणून तर हा सगळा उपद्व्याप.

वेल्च प्लग, म्हणजे इंजिन ब्लॉकला असतात त्या वाट्या. त्यांना सरळ, नीट मशीन केलेलं भोक लागतं. इथे भोकाला मधे पायरी आहे, वर सीलची रुंद जागा आणि खाली नॉझलची अरुंद. शिवाय स्टीलची वाटी अॅल्युमिनियममध्ये ठोकून बसवली तर गरम झाल्यावर अॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं. 14 मिमीच्या भोकाला 70 अंशांच्या फरकानं एक शतांश मिमीची ढिलाई येते. ऐकायला काहीच नाही, पण ठोकून बसवलेल्या वस्तूची पकडच मुळी दोन-तीन शतांशांची असते.

आटे पाडून बोल्ट मारणं हा तिसरा. कास्टिंगची भिंत बारीक आहे, आणि आटे पाडताना कीस पोर्टमध्ये जातो. नको. वेल्ड करून टाकणं हा चौथा आणि सगळ्यात पक्का. पण ही भोकं मला पुढे वापरायची आहेत. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) आणि ब्रेक बूस्टर दोन्हींना व्हॅक्यूम लागतो, आणि प्लेनम (चौघांची सामाईक हवेची पेटी) गेल्यामुळे ती सोय उरली नाही. प्रत्येक सिलिंडरला हेडच्या अगदी तोंडाशी एकेक तयार भोक असताना ते वेल्ड करून बुजवायचं आणि मग शेजारी नवीन पाडायचं, हे काही पटेना.

म्हणून ठरलं: अॅल्युमिनियमचं वळलेलं बूच, त्यावर रबराची ओ-रिंग, वर कॉलर, कॉलरमध्ये निपल (नळी जोडायची तोटी), आणि चारही बुचांवरून एक पट्टी. पट्टी बांधायला रेलच्या बोल्टची मूळ भोकं आहेतच.

9 ऑगस्ट

मशीद बंदरला उतरून नागदेवी, हार्डवेअरचा बाजार. आधी गुलालवाडीत रॉड घेतला, एचई-30 ग्रेडचा अॅल्युमिनियम, 22 मिमी, फूटभर. दुकानदार साधा अॅल्युमिनियम देत होता. तो लेथवर हत्याराला चिकटतो आणि फिनिश येत नाही, तेव्हा ग्रेड विचारूनच घ्या.

ओ-रिंगचा किस्सा जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक फसतात. काउंटरवर आतला व्यास आणि जाडी सांगायची, समोर पुडी येते. रबर दोन प्रकारचं: नायट्राइल पाच रुपयांना, व्हायटॉन चाळीसला. पेट्रोल आणि उष्णता म्हटल्यावर व्हायटॉनच. पण ‘तपकिरी म्हणजे व्हायटॉन’ हे काउंटरवरचं ज्ञान आहे, रंग कुठल्याही रबराला देता येतो. खात्री वजनावर होते. व्हायटॉन नायट्राइलच्या जवळपास दीडपट जड. 9.5 बाय 2.5 च्या वीस रिंगा सोनाराच्या काट्यावर टाकल्या तर नायट्राइलच्या साडेचार-पावणेपाच ग्रॅम भरतात, व्हायटॉनच्या पावणेसातच्या आसपास. पहिल्या दुकानातल्या तपकिरी रिंगा पाच ग्रॅमही भरल्या नाहीत. दुसऱ्या दुकानातून काळ्या आणल्या, त्या 6.8 भरल्या. काळ्या घेतल्या.

दोन्हींची एकेक रिंग पेट्रोलच्या बाटलीत.

12 ऑगस्ट

लेथवाल्या टर्नरकाकांसाठी मापांचा कागद काढला. माझ्या भोकांची मापं देत नाही. पुट्टी उकरून झाल्यावर चारही थोडी वेगवेगळी भरली, तुमचीही भरतील. हिशेब 14 मिमीच्या भोकावर दाखवतो, तुमचं माप घाला.

रिंगची जाडी 2.5. ती 20 टक्के दबली पाहिजे, म्हणजे खाच 2.0 खोल. 14 मधून दोन्ही बाजूचे दोन-दोन वजा, खाचेच्या तळाचा व्यास 10. रिंगचा आतला व्यास 9.5, म्हणजे ती पाच टक्के ताणून बसते, तेवढं बरोबर. खाचेची रुंदी 3.3, कारण दबलेल्या रबराला पसरायला जागा लागते. खाच रिंगएवढीच अरुंद ठेवली तर रिंग बाहेर फुगते आणि बसवताना सोलली जाते. बुचाचं अंग 13.9. 10 टक्क्यांपेक्षा कमी दाब दिलात तर थंड इंजिनावर गळेल, 30 च्या वर गेलात तर बूच हातानं आत जाणार नाही.

काकांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितला आणि म्हणाले, “आधी चारही भोकं माझ्यासमोर मोज. मग सांगतो.” भोक मोजायचं टेलिस्कोपिक गेज त्यांचंच. दुसरं भोक अंडाकृती निघालं, एका बाजूनं 0.15 जास्त. कुणीतरी ते ड्रिलनं उकरलं होतं. काकांनी चारही रीम करून (रीमरनं आतून कापून) एका मापात आणायची, मगच बुचं वळायची असं ठरवलं. वेळ गेला, पण चार वेगळी बुचं करून ती आयुष्यभर नंबरनं सांभाळण्यापेक्षा परवडलं.

17 ऑगस्ट

पहिलं बूच वाया.

कॉलरमध्ये 1/8 बीएसपीचे (पाइपच्या मापाचे) आटे पाडायचे होते. निपल त्याच मापाचे, पितळी, नागदेवीला कुठेही मिळतात. 8.8 चं ड्रिल, मग टॅप. अडचण अशी की टॅपचं टोक निमुळतं असतं आणि बंद भोकात वरचे आटे पुरे व्हायला टॅप बराच खोल न्यावा लागतो. कॉलर बारा मिमीची, टॅप उतरला तो थेट ओ-रिंगच्या खाचेच्या पातळीत. तिथे बुचाची कंबर 10 मिमी आणि आट्यांचा बाहेरचा व्यास 9.7. राहिलं काय? कागदाएवढी भिंत. दिव्यासमोर धरलं तर खाचेतून उजेड दिसत होता.

काकांनी उपाय काढला तो असा: कॉलर पंधरा मिमीची, आट्यांची खोली नऊ मिमीवर बंद, शेवटचे आटे टोक घासून सपाट केलेल्या टॅपनं. त्याखाली बुचाच्या पोटातून फक्त 3 मिमीचं आरपार भोक. ते 3 मिमी मला तसंही हवं होतं. भोक मोठं ठेवलं तर व्हॅक्यूमच्या नळीतून सिलिंडर एकमेकांची हवा चोरतात, सिंक करताना (चारही थ्रॉटल एकसारखे जुळवताना) काहीच कळत नाही, आणि मॅप सेन्सरचा आकडा नाचतो.

19 ऑगस्ट

पाऊस. कालपासून थांबलेला नाही, मिठी भरलीय, लोकल बंद. काम शून्य. गाळ्यात पाणी आलं नाही एवढंच. मित्रानं व्हिडिओ पाठवला, मॅनिफोल्ड मचाणावर आहे.

23 ऑगस्ट

चार बुचं तयार, शिवाय एक जादा. वळणावळ आणि रीमिंग मिळून काकांनी 2,200 घेतले. वाया गेलेल्या बुचाचे पैसे लावले नाहीत.

पोर्टच्या बाजूचं टोक कसं असावं, यावर आमच्यात बराच वाद झाला. इंजेक्टरचं भोक पोर्टमध्ये तिरकं उतरतं. सरळ कापलेलं बूच बसवलं की एका बाजूला खळगा राहतो. मित्राला ते टोक पोर्टच्या भिंतीशी एकदम सपाट हवं होतं. भोक पोर्टच्या छतात आहे, तिथे पेट्रोल साचत नाही, दोन-तीन मिमीच्या खळग्यानं काही बिघडत नाही असं माझं मत. पण बूच आत डोकावता कामा नये, यावर दोघांचं एकमत. मधला मार्ग असा: बूच पूर्ण बसवून पोर्टकडून मार्करनं रेघ मारली, बाहेर काढून रेघेपर्यंत कानस, मग पॉलिश पेपर. कॉलरवर आणि मॅनिफोल्डवर पंचनं एकेक टिंब, म्हणजे पुन्हा बसवताना त्याच दिशेनं बसेल. चार बुचांना दीड तास. सपाट दिसतं, मित्र खूश. पॉवरमध्ये फरक पडेल असं मला अजूनही वाटत नाही.

पहिल्यांदा बसवताना दोन रिंगा सोलल्या. भोकाच्या तोंडाची धार रीमरनं वस्तऱ्यासारखी झाली होती. तोंडाला पंधरा-वीस अंशांचा उतार दिला, बारीक पेपरनं घासला, रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावलं, मग अंगठ्यानं दाबून ‘टप’ आवाजासकट बसली. बूच जर हातोडीनं ठोकावं लागत असेल तर थांबा, रिंग कापली जातेय.

24 ऑगस्ट

गळतीची परीक्षा. मॅनिफोल्डच्या दोन्ही तोंडांना रबर शीट लावून सहा मिमीच्या प्लेटा आवळल्या. एका प्लेटला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व. निपलच्या जागी तात्पुरते बोल्ट आणि वॉशर. मग सगळं धूड उचलून इस्टेटच्या गेटवरच्या पंक्चरवाल्या चाचांच्या टपात.

अर्ध्या बारला चारही बुचं कोरडी, एक बुडबुडा नाही. प्लेटच्या वेल्डला एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढी गळती दिसली, दर दोन सेकंदांना एक बुडबुडा. ती खडूनं खूण करून ठेवली. परीक्षा घेतली नसती तर हे कधीच कळलं नसतं.

पट्टी अजून बनलेली नव्हती. चाचांनी विचारलं, “और डालूँ?” आणि उत्तराची वाट न बघता कॉम्प्रेसरची नळी दाबली. दोन बारच्या आसपास तिसरं बूच पाण्यातून सुटलं आणि टपरीच्या पत्र्यावर आपटलं. 14 मिमीच्या गोलावर दोन बार म्हणजे तीन किलोचा धक्का. नुसत्या ओ-रिंगच्या घर्षणावर एवढं पेलत नाही. इनटेकमध्ये बॅकफायर झाला तर हेच होणार, तेही पेट्रोलची वाफ आणि गरम इंजिन शेजारी असताना. कॉलर आहे म्हणून व्हॅक्यूम बुचाला आत खेचू शकत नाही, पण बाहेर येण्यापासून त्याला फक्त पट्टीच रोखते. ज्यांनी पट्टीशिवाय नुसती घट्ट बुचं मारलीत त्यांनी एकदा आपल्या पंक्चरवाल्याकडे जाऊन यावं.

26 ऑगस्ट

उद्या गणपती. काका काल रात्रीच्या गाडीनं गावाला गेले, लेथला कुलूप. वेल्डरही कोकणातलाच. अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, त्यानंतरच माणसं परततील. मुंबईत ऑगस्टच्या शेवटी लेथचं काम काढणाऱ्यांनी कॅलेंडर बघून काढावं.

तोवर पट्टी घरीच केली. भंगारातली पाच मिमीची अॅल्युमिनियम पट्टी, रेलच्या बोल्टची दोन भोकं, निपल बाहेर यायला चार. कॉलरच्या माथ्याला ती टेकली पाहिजे, पण बूच खाली दाबलं जायला नको. रिंग बाजूनं सील करते, वरून दाबून काही मिळत नाही. उलट जास्त आवळली की मधे पट्टी वाकते.

8 सप्टेंबर

वेल्डरनं कोपऱ्याची टाचणी बंद केली. पुन्हा टप, पुन्हा दोन बार, या वेळी पट्टी लावून. सगळं कोरडं.

मॅनिफोल्ड गाडीवर. थ्रॉटल बसवले. त्यांच्या आतल्या दुसऱ्या फळ्या (झडपेच्या चकत्या), बाइकवर कॉम्प्युटर उघडतो त्या, आधीच काढल्या होत्या. त्यांच्या दांड्यांची भोकंही बंद करायला विसरू नका. ती मुख्य फळीच्या आधी आहेत, म्हणून आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं चालणं) बिघडत नाही, पण फिल्टर चुकवून धूळ आत जाते. तिथे साधे नायलॉनचे बूच पुरले.

चारही निपलमधून 4 मिमीच्या नळ्या एका अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात. ठोकळ्यातून एक नळी मॅप सेन्सरला, एक नॉन-रिटर्न वॉल्वमधून (हवा एकाच दिशेनं सोडणाऱ्या) बूस्टरला.

14 सप्टेंबर

सुरू झाली. पहिल्या मिनिटात टायमिंग बसवताना इनटेकमधून एक फटाका वाजला. बुचं जागेवर. पट्टीचे पैसे वसूल (भंगारातली होती तरी).

आयडल मात्र लंगडत होतं. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतोय म्हणून पेट्रोल वाढवलं, तर एक्झॉस्टमधून काळा धूर आणि तरी लंगडणं तसंच. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सेन्सर चारही सिलिंडरचा एकत्र धूर वाचतो. एका सिलिंडरला फुकटची हवा मिळाली तर सरासरी लीन येते, आपण सगळ्यांना पेट्रोल वाढवतो, आणि तीन सिलिंडर रिच (पेट्रोल जास्त), एक लीन अशी खिचडी होते. स्पार्क प्लग काढून बघितले: पहिला, दुसरा, चौथा काजळलेले, तिसरा पांढरट. इन्फ्रारेड थर्मामीटर एक्झॉस्टच्या पाइपवर धरला, तिसऱ्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा.

एवढ्याशा गळतीनं एवढा फरक कसा, याचा ढोबळ हिशेब करून ठेवला. 900 आरपीएमला या इंजिनाचं एक सिलिंडर मिनिटाला पन्नासएक लिटर हवा घेतं. व्हॅक्यूम खोल असताना एक मिमीच्या भोकातून मिनिटाला सहा-सात लिटर आत शिरते. म्हणजे त्या सिलिंडरच्या बारा टक्क्यांच्या घरात. मूळच्या प्लेनमवर हीच गळती चौघांत वाटली जाऊन तीन टक्क्यांवर येते, आणि आयडल वॉल्व ती निमूट सांभाळून घेतो. एकेकट्या थ्रॉटलवर सांभाळणारं कुणी नाही.

सिंकच्या स्क्रूनं तिसरी फळी किंचित मिटवून आयडल सरळ करता येतं. मित्रानं करून दाखवलं, गाडी छान गुरगुरली. 2,500 ला नेलं तर तिसरं सिलिंडर उलट मागे पडलं, कारण गळती तेवढीच राहिली आणि फळी मात्र बाकीच्यांपेक्षा मिटलेली. आयडलला जुळतं आणि वर गेल्यावर बिघडतं, हे दिसलं की सिंकच्या स्क्रूला हात लावू नका, गळती शोधा.

15 सप्टेंबर

गळती सापडली. बुचाच्या रिंगेत नव्हती, निपलच्या आट्यांत होती.

कार्ब क्लीनर (पेट घेणारा स्प्रे) फवारून शोधायचा प्रघात आहे. या इंजिनाचा एक्झॉस्ट पुढच्या बाजूला आहे, तरी गरम इंजिनावर बंद गाळ्यात ते करायला मन धजेना. शेव्हिंग फोम वापरला. इंजिन आयडलला ठेवून प्रत्येक कॉलरभोवती आणि निपलभोवती फोमचा गोळा लावला. तीन गोळे तसेच. तिसऱ्या निपलच्या बुडाशी फोममध्ये हळूहळू खड्डा पडत गेला आणि मधे मोत्याएवढं छिद्र उघडलं. त्याच क्षणी इंजिनचा आवाजही बदलला, बोटानं दाबलं की सरळ व्हायचा.

कारण साधं. निपलचे आटे निमुळते, काकांनी पाडलेले सरळ. निमुळता आटा सरळ भोकात दोन-तीन वेढ्यांवरच धरतो. बाकीच्या तिघांनी बऱ्यापैकी धरलं होतं. तिसऱ्याची नळी ताणलेली होती, तिनं निपल बाजूला ओढलं. टपात हे दिसलंच नाही, कारण तिथे निपलऐवजी बोल्ट होते. परीक्षा घ्यायची तर जे गाडीवर बसणार आहे तेच लावून घ्यावी.

टेफ्लॉन टेप लावली नाही. तिचा एक धागा सुटून 3 मिमीच्या भोकात अडकला की मॅप सेन्सर खोटं बोलायला लागतो. सरळ आट्यांचे निपल आणले, खाली तांब्याचं वॉशर, पेट्रोलला टिकणारा पातळ सीलर. नळ्या आधीपेक्षा दोन-दोन सेंटिमीटर जास्त लांब कापल्या, आता ताण नाही.

फोम पुन्हा लावला. खड्डा नाही. सिंक केलं, आयडल आणि 2,500 दोन्हीकडे चारही जुळतात.

28 सप्टेंबर

पुष्कळ वेळा गरम-थंड झाल्यावर पट्टी काढून चारही बुचं उपसून बघितली. रिंगा गोल आहेत, चपट्या झालेल्या नाहीत, पोर्टकडच्या बाजूला हलका तपकिरी थर. नवीन ग्रीस लावून त्याच बसवल्या.

बाटलीतल्या रिंगाही मोजल्या. नायट्राइल 2.5 ची 2.7 झालीय आणि बोटांत लिबलिबीत लागते. व्हायटॉन 2.53. बुचावर पेट्रोल सतत उभं नसतं, फक्त वाफ आणि फवारा येतो, त्यामुळे नायट्राइल लगेच दगा देईल असं नाही. पण 35 रुपयांच्या फरकासाठी मॅनिफोल्ड पुन्हा कोण उतरवणार?

खर्च, फक्त या कामाचा: रॉड 480, लेथ 2,200, व्हायटॉन रिंगा वाया गेलेल्या आणि जादा धरून 400, निपल दोन वेळा मिळून 310, वेल्ड 300, नळ्या आणि नॉन-रिटर्न वॉल्व 650. चाचांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. सगळे मिळून साडेचार हजारांच्या आत. मॅनिफोल्ड आणि थ्रॉटलचा हिशेब यात नाही.

बूस्टरचं अजून पूर्ण समाधान नाही. पेडल एकदा दाबलं तर ब्रेक मऊ आणि बरोबर, लागोपाठ तिसऱ्यांदा दाबलं की कडक होतो. चार 3 मिमीच्या भोकांतून बूस्टर भरायला वेळ लागतो. भोकं मोठी करणार नाही, सिंक बिघडेल. नॉन-रिटर्न वॉल्वनंतर लिटरभराची स्टीलची टाकी लावतोय, बॅटरीच्या ट्रेखाली जागा आहे. ती बसून ब्रेक तपासल्याशिवाय गाडी फ्लॅटबेडवर चढणार नाही.